बेरीज बरोबर, हिशेब चूक

दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या की चार्जरच्या लेखी त्या दोन उरत नाहीत. त्याला दोन टोके दिसतात आणि त्या टोकांमधला एक आकडा. बारा व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आणि आकडा २८.८ वर पोहोचला, की त्याचे काम झाले. हे २८.८ म्हणजे १४.४ अधिक १४.४ असेल तर उत्तमच. पण १३.२ अधिक १५.६ यांची बेरीजही २८.८ च येते. तेव्हा एक बॅटरी अर्धवट भरलेली असते, दुसरी खदखदून पाणी उडवत असते, आणि चार्जरचा हिरवा दिवा दोन्ही प्रसंगी त्याच थाटात लागतो. त्या बेरजेच्या आत काय चालले आहे ते कसे पाहावे, आणि बिघडले असेल तर कितपत सुधारता येते, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. सगळेच सुधारता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

डोंबिवलीशेजारच्या कोपरच्या माणसाला एकसर बॅटऱ्या नवीन नाहीत, त्या त्याच्या नजरेला पडत नाहीत इतकेच. स्टेशनात खालून मध्य रेल्वेची मुख्य लाइन जाते, वरून दिवा–वसई मार्ग. लोकलच्या डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात; पण पेंटोग्राफ खाली असलेली गाडी जागी करायला आणि तारेतली वीज गेल्यावर डब्यातले मोजके दिवे चालू ठेवायला ११० व्होल्टची बॅटरी लागते. ती लेड-ॲसिडची असेल तर दोन-दोन व्होल्टचे पन्नासहून अधिक सेल एकामागे एक जोडावे लागतात. सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर असेल तर त्याच्या पेटीत ४८ व्होल्टचा संच असतो. जुना असेल तर २ व्होल्टचे २४ सेल, नवा लिथियमचा असेल तर पंधरा किंवा सोळा. खाली पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर उभ्या असतात, त्यांच्या सीटखाली किंवा पाय ठेवायच्या जागेखाली तसाच एक संच. आणि घरात, दारामागे किंवा बाल्कनीत, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या.

या शेवटच्या बॅटऱ्या इथे कशा आल्या, हा इतिहास अजून जुना झालेला नाही. वीज मंडळाचे विभाजन होऊन २००५ साली महावितरण कंपनी आली, आणि त्याच सुमारास महाराष्ट्रात लोडशेडिंगची वर्षे सुरू झाली. मुंबई शहराला त्याची झळ जवळजवळ लागली नाही, कारण तिथली वीज वेगळ्या कंपन्यांची. ठाणे, कल्याण, डोंबिवली मात्र महावितरणच्या पट्ट्यात. दिवसभर फोर्टातल्या कार्यालयात एसीखाली बसलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन अंधारात जेवायचा. पंखा-ट्यूबपुरते भागणाऱ्यांनी एका बॅटरीचा इन्व्हर्टर घेतला. ज्यांच्या घरी संगणक होता, किंवा दवाखाना, झेरॉक्सचे दुकान होते, त्यांनी मोठा, २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांचा घेतला. पुढे लोडशेडिंग ओसरले, इन्व्हर्टर राहिले. वापर कमी झाला तशी निगाही कमी झाली. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा–पडघे भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांत बिघाड होऊन मुंबई-ठाण्याची वीज सकाळीच गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, अशा दिवशी मग कळते की कोपऱ्यातली जोडी पंधरा मिनिटांत मान टाकते.

मान दोघी टाकत नाहीत. एक टाकते, आणि एकसर जोडणीत एकीने टाकली की दुसरीचा उपयोग संपतो, कारण दोघींतून जाणारा प्रवाह एकच असतो. संचाची क्षमता ठरते ती सर्वांत कमी भरलेल्या सेलवरून. बाकीच्यांत वीज शिल्लक असली तरी ती बाहेर यायला वाट त्याच सेलमधून असते. लोड जोरात असेल तर रिकाम्या सेलमधून बाकीचे सेल प्रवाह रेटत राहतात, आणि तो सेल शून्याच्याही खाली, उलट्या दिशेने जातो. लेड-ॲसिडचा सेल अशाने लवकर म्हातारा होतो. लिथियमच्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढच्या चार्जिंगला आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती उभी राहते.

सारख्याच मेकच्या, एकाच दिवशी आणलेल्या दोन बॅटऱ्या वेगळ्या का वागतात, हा प्रश्न दुकानदाराला विचारला तर तो “पीस खराब निघाला” म्हणतो. कधी ते खरे असते. बहुतेक वेळा कारण आपल्याच घरात असते. दीडशे एएच (ॲम्पिअर-तास) क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक पडून राहिली असता महिन्याला दोन टक्के उतरते आणि दुसरी तीन टक्के, एवढाच फरक धरा. एक टक्का म्हणजे दीड एएच. कोणी भरून काढला नाही तर वर्षात तो अठरा एएच होतो, म्हणजे क्षमतेचा आठवा हिस्सा. आणि हा एका टक्क्याचा फरक पडायला फार काही लागत नाही. बाल्कनी पश्चिमेला असेल आणि दुपारचे ऊन एकाच बॅटरीवर येत असेल, तरी पुरते. लेड-ॲसिडच्या बाबतीत ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. पाणी टाकण्यातली हयगय तर नेहमीची. डिस्टिल्ड वॉटरची बाटली संपली म्हणून शेवटच्या दोन सेलांत आरओचे पाणी ओतले जाते. ते प्यायला चांगले असले तरी त्यात क्षार उरलेले असतात, आणि लोखंडाचा अंश गेला तर त्या सेलची आतल्या आत उतरण वाढते. सहा सेलांच्या बॅटरीत चार एका पाण्यावर आणि दोन दुसऱ्या पाण्यावर चालू लागले की समतोल बिघडवण्याची सोय आपणच केलेली असते.

यात सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे दोनांपैकी एकच बॅटरी बदलणे. वरवर पाहता ते काटकसरीचे वाटते. पण म्हाताऱ्या बैलाशेजारी खोंड जुंपला तर नांगर म्हाताऱ्याच्याच चालीने चालतो आणि मान खोंडाची सोलवटते. जुन्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसलेले असेल तर चार्जिंग सुरू झाल्यावर तिचा व्होल्टेज लवकर चढतो, बेरीज लवकर पूर्ण होते आणि नवी अर्धपोटी राहते. रोज अर्धपोटी राहणाऱ्या लेड-ॲसिडवर सल्फेट बसते, म्हणजे नवी बॅटरी वर्षभरात जुनीच्या वळणावर जाते. उलट, जुन्या बॅटरीतला एखादा सेल शॉर्ट असेल तर ती कितीही चार्ज केली तरी वर येत नाही, आणि बेरीज पुरी करण्याचा सगळा ताण नवीवर पडतो. ती तापते, पाणी उडवते. दोन्ही बाजूंनी मार नवीलाच. माझे मत विचाराल तर जोडी एकदमच बदलावी. पैशांची अडचण असेल तर नवी आणण्यापेक्षा तितक्याच वयाची, तपासून घेतलेली वापरलेली बॅटरी परवडते. दुकानदारांना हे मत आवडत नाही.

हाच रोग रस्त्यावरही दिसतो, आणि तिथे त्याचे कारण फार स्वच्छ असते. ट्रक आणि एसटीच्या बस २४ व्होल्टवर चालतात, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून. पण केबिनमधला टेप, छोटा पंखा, मोबाइलचा चार्जर हे कारसाठी बनवलेले, १२ व्होल्टचे. शिळफाट्याच्या रस्त्यावर रात्र काढणाऱ्या ट्रकमध्ये पाहा, एक वायर दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून काढलेली सापडते. बारा व्होल्ट मिळाले, गाणी सुरू झाली. रात्रभर एकाच बॅटरीतून वीज गेली. सकाळी इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर मात्र दोघींना सारखाच प्रवाह देतो, त्यामुळे रात्री वापरलेली रिकामीच राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरते. काही महिन्यांनी एक बॅटरी उपाशी मेलेली असते, दुसरी पाणी उडून कोरडी पडलेली. ड्रायव्हर कंपनीला शिव्या घालतो.

यावरचे एक उत्तर म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांतून सारखा घेतो. दुसरे उत्तर या पुस्तिकेच्या मध्यभागी आहे. बॅटरी इक्वलायझर किंवा बॅलन्सर नावाची लहानशी डबी तीन वायरींनी जोडतात, वरचे टोक, खालचे टोक आणि मधला जोड. सर्वांत साध्या प्रकारात आत एक कपॅसिटर असतो. तो क्षणभर जास्त व्होल्टेजच्या बॅटरीला जोडला जातो, लगेच कमी व्होल्टेजच्या बॅटरीला, पुन्हा पहिलीला, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालते. दर खेपेला थोडासा चार्ज इकडून तिकडे जातो. फरक मोठा असेल तर खेप मोठी, फरक मिटत आला की खेप लहान. म्हणून हा प्रकार शेवटी शेवटी फार रेंगाळतो. कपॅसिटरऐवजी कॉइल वापरली तर लहान फरकावरही प्रवाह चांगला राहतो, डबी मात्र महाग होते. बाजारात दोन्ही मिळतात, बाहेरून सारखीच दिसतात. कोणती कशी ओळखायची, यासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

या डब्या येण्याच्या कितीतरी आधीपासून समतोल राखला जात होता. टेलिफोन एक्स्चेंज, पॉवर हाऊस, सबस्टेशन या ठिकाणी बॅटरी रूम नावाची एक खोली असते. सबस्टेशनात २२० व्होल्ट डीसीसाठी साधारण ११० सेल रांगेत मांडलेले असतात. ग्रिड गेले तरी ब्रेकर उघडायला-मिटवायला वीज लागते, ती यांच्याकडून येते. तिथली शिस्त पाहण्यासारखी असते. रांगेतले काही सेल ‘पायलट’ म्हणून निवडलेले असतात, त्यांचा व्होल्टेज आणि ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, ठरल्या वेळी वहीत चढते. आणि ठरावीक काळाने प्रत्येक सेलची मोजणी होते. एखाद्याची ग्रॅव्हिटी इतरांपेक्षा तीसेक अंकांनी मागे पडली, म्हणजे बाकीचे बाराशे चाळीसवर आणि हा बाराशे दहावर, की इक्वलायझिंग चार्ज देण्याची वेळ झाली असे समजतात. यात कोणतीही डबी नसते. पूर्ण भरलेल्या संचाला आणखी काही तास, कमी प्रवाहावर, चढत्या व्होल्टेजने चार्ज देत राहायचे. जे सेल भरलेले आहेत ते जादा वीज पाण्याचे हायड्रोजन-ऑक्सिजन करण्यात घालवतात. जे मागे आहेत ते तेवढ्यात भरून घेतात. मग पाणी टाकायचे. लेड-ॲसिडच्या रसायनातच ही सवलत आहे, आणि गेली शंभर-सव्वाशे वर्षे माणसाने तिच्यावर निभावून नेले.

घरी हे करणाऱ्याने दोन गोष्टी पाळायच्या आहेत. खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण हवेत चार टक्के हायड्रोजन साठला तरी ठिणगी पुरते. आणि सीलबंद, पाणी न टाकायच्या बॅटरीवर हा प्रयोग उत्पादकाने सांगितल्याशिवाय करायचा नाही. तिच्यातून गेलेले पाणी परत घालता येत नाही.

लिथियमने ही सवलत काढून घेतली. भरलेल्या लिथियम सेलमध्ये जादा वीज ढकलली तर ती जिरवायला पाणी नाही. सेल बिघडतो, फुगतो, वेळप्रसंगी पेटतो. म्हणून प्रत्येक सेलवर नजर ठेवणारा बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) हवाच. फॉस्फेट प्रकारचे सोळा सेल एकसर जोडलेला ५१.२ व्होल्टचा संच घ्या. पूर्ण चार्जला सेलमागे ३.६५ धरून त्याचा चार्जर ५८.४ वर ठरवलेला असतो. आता पंधरा सेल ३.६ वर आहेत आणि एक ४.४ वर. बेरीज करून पाहा, ५८.४ च येते. लेड-ॲसिडमध्ये अशा बेरजेची किंमत थोडे पाणी आणि थोडे आयुष्य होती. इथे ती सेल गमावण्याची आहे. बीएमएस नीट असेल तर तो एक सेल मर्यादा ओलांडताच पूर्ण संचाचे चार्जिंग तोडतो. मालकाला वाटते गाडी भरली. पंधरा सेल भरायचे राहिलेले असतात.

बहुतेक बीएमएस समतोल साधतात तो वरच्या टोकाला, आणि तोही खर्चिक मार्गाने. जो सेल आधी भरला त्याला एक लहान रोध जोडून त्यातली वीज उष्णतेच्या रूपात घालवायची, म्हणजे बाकीच्यांना गाठायला वेळ मिळतो. हा प्रवाह फार बारीक असतो. ५० मिलिॲम्पिअर धरला आणि सेलांत तीन एएचचा फरक असेल, तर तो मिटायला साठ तास लागतात. फॉस्फेट सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. वीस टक्के आणि नव्वद टक्के भरलेल्या सेलांत दशांश व्होल्टच्या आसपास फरक. त्यामुळे कोण मागे आहे, हे बीएमएसला वरच्या टोकाशी गेल्याशिवाय कळतही नाही. जो माणूस बॅटरी टिकावी म्हणून दररोज ऐंशी टक्क्यांवर प्लग काढतो, त्याच्या फॉस्फेटच्या संचात समतोलाचे काम महिनोन् महिने सुरूच होत नाही. अधूनमधून पूर्ण चार्ज करून, वर थोडा वेळ प्लग तसाच ठेवा, असे उत्पादक सांगतात ते यासाठी. पुस्तिकेतला हा सल्ला वाचून कोणी रात्रभर झोपलेल्या घरात गाडी चार्जिंगला लावू नये. हे काम डोळ्यांसमोर, दिवसा करायचे.

आता पुस्तिकेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. रेंज कमी झाली की मेकॅनिक म्हणतो, बॅटरी गेली. गेली म्हणजे काय झाले, हे दोन मोजण्यांत कळते. संच पूर्ण भरत आला असताना प्रत्येक सेलचा व्होल्टेज लिहा, आणि रिकामा होत आला असताना पुन्हा लिहा. एखादा सेल दोन्ही वेळा सर्वांत खाली असेल, तर तो बहुधा अशक्त नाही, मागे पडला आहे. त्याला भरून इतरांच्या ओळीत आणता येते, आणि गेलेली रेंज परत येते. पण जो सेल भरताना सर्वांत वर आणि रिकामा होताना सर्वांत खाली असतो, त्याची क्षमताच घटलेली आहे. दोन लिटरच्या जागी दीडच मावते म्हटल्यावर कितीही नीट भरले तरी दीडच. बॅलन्सरची जाहिरात काहीही म्हणो, चार्जमधला फरक मिटवता येतो, क्षमतेतला फरक मिटवता येत नाही. अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर वापर चालू असताना बलवान सेलांतून दुर्बळाकडे वीज नेत राहिला तर काही टक्के सावरतात. मेलेल्या सेलला जिवंत करणारी डबी अजून कोणी बनवलेली नाही.

हा विषय मौजेचा राहिला नाही तो २०२२ सालापासून. त्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. कोपरच्या वरच्या प्लॅटफॉर्मवरून गाडी जाते त्या वसईत, त्याच वर्षी सप्टेंबरात, घरात चार्ज होत असलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा दगावला. या आगी सेलांच्या असमतोलानेच लागल्या असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. आगीची कारणे अनेक असतात. पण त्यानंतर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने दुचाकी-तिचाकींच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून, आणि त्यात सेल, चार्जर यांच्याबरोबर बीएमएसच्या अटीही आल्या. हे मानक नव्या गाड्यांना लागते. गल्लीत स्पॉट वेल्डिंग मशीन घेऊन जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून बनवलेल्या सायकलच्या पॅकला ते विचारत नाही. तेरा सेलांच्या अशा पॅकमध्ये तेरा वेगळ्या वयांचे सेल असू शकतात, आणि वर स्वस्तातला बीएमएस. असा पॅक घेण्याआधी सेलांची क्षमता मोजून जोड्या लावल्या होत्या का, एवढे तरी विचारावे. उत्तर देताना विक्रेता अडखळला तर पैसे खिशात ठेवावेत.

पुस्तिका इलेक्ट्रिशियनसाठी आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी आहे, आणि दहावीच्या विज्ञानात एकसर-समांतर जोडणी शिकून विसरलेल्या कोणासाठीही आहे. गणित बेरीज-गुणाकारापलीकडे गेलेले नाही. लिथियमचा सीलबंद पॅक उघडायला यात कुठेही सांगितलेले नाही, आणि उघडूही नये. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर काम करताना अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात; २४ व्होल्टचा झटका बसत नाही, पण टर्मिनलांवर आडवा पडलेला पाना लाल होतो.

शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता आहे. मल्टीमीटर काहीशे रुपयांत मिळतो. इन्व्हर्टर बंद करून, चार्जिंग थांबल्यावर काही तासांनी, प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज वेगळा मोजून तारखेसह त्यात लिहा. मग पंखे-दिवे लावून अर्ध्या तासाने पुन्हा. दर तीन महिन्यांनी एवढे करा. बॅटरी बदलायला दुकानात जाल तेव्हा तो कागद बरोबर न्या, आणि दुकानदाराने फक्त दोन टोकांना मीटर लावला तर मधल्या जोडावरही लावायला सांगा.